सव्वादोन मीटर आहेर

मित्रांनो, मागच्या वर्षापर्यंत मी एक जुना कोरा शर्टपीस होतो. जुना आणि कोरा एकाच वेळी कसा, असं विचारत असाल, तर तुमच्या घरातली ट्रंक तुम्ही कधी उघडलेली नाही. लांबी सव्वादोन मीटर, पन्हा छत्तीस इंच, वय एकोणीस. या वयात माणसं बारावी होऊन पुढं कुठंतरी लागतात. मी नुसता घडी होतो.

माझा जन्म दूरच्या एका गिरणीत झाला. जन्मताना मी शंभर मीटर लांब होतो. मग कातर आली आणि आमचे चव्वेचाळीस भाऊ झाले. एक मीटर उरला. त्याचं काय झालं हे आमच्या घराण्यात कुणी बोलत नाही. मला घडी घातली, सहा टाचण्या टोचल्या आणि एका खोक्यात झोपवलं. खोक्यावर सोनेरी अक्षरांत माझी स्तुती छापलेली होती. ती खरी आहे की खोटी, हे मलाही ठाऊक नव्हतं. आपण आतून कशाचे आहोत हे खोक्यात पडून कळत नाही.

माझ्या रंगावर तर आजवर एकमत झालेलं नाही. गिरणी त्याला बिस्किट म्हणायची. परभणीचा दुकानदार मोतिया म्हणाला. पुढं ज्यांच्या घरी मी नऊ वर्षं राहिलो त्या सगुणाबाई सरळ म्हणाल्या, "गढूळ पाण्यावानी दिसायलाय."

मला विकत घेतलं ते बोरीच्या दिनकररावांनी, पुतणीच्या लग्नात आहेर करायला. माझ्या उभ्या आयुष्यात माझी खरेदी एवढी एकदाच झाली. त्यानंतर मी फक्त दिला गेलो. लग्न, साखरपुडा, वास्तुशांत, एका गुरुजींचा सेवानिवृत्ती समारंभ. एका बारशात मला बारा दिवसांच्या बाळाला दिलं. त्या बाळाला माझ्यात चारदा गुंडाळून वर गाठ मारता आली असती. प्रत्येक ठिकाणी कुंकू लागायचं, टोपीबरोबर फोटो निघायचा आणि मी परत ट्रंकेत. कपडा म्हणून मला कुणी घातलं नाही, पण मान मात्र फार मिळाला.

आठव्या वर्षी मी पिंगळीहून एका लग्नात पुन्हा बोरीला आलो, थेट दिनकररावांच्याच हातात. त्यांनी खोकं उघडलं. आत त्यांचीच चिठ्ठी होती: 'दिनकरराव, बोरी यांजकडून सप्रेम.'

"आगं, हे तर आपलंच हाय," ते बायकोला म्हणाले.

नर्मदाबाईंनी चष्मा लावून चिठ्ठी दोनदा वाचली. "मंग? आपल्या वस्तूला कुणी हात लावला न्हाई, लोकांनी किती जपलंय बघा." त्यांनी चिठ्ठी तशीच आत ठेवली आणि मला पुढच्या लग्नासाठी बाजूला काढलं.

असा फिरत फिरत मी पेडगावला सगुणाबाईंच्या ट्रंकेत आलो. त्या ट्रंकेत आम्ही सतरा जण होतो. कुणाचा कोणता, कोणत्या लग्नातला, कुणाला परत द्यायचा, हे सगुणाबाईंना तोंडपाठ होतं. वर्षातून एकदा त्या आम्हाला उन्हं दाखवायच्या, डांबरगोळ्या बदलायच्या आणि घडी न मोडता जसंच्या तसं परत ठेवायच्या. त्याच घड्या, त्याच जागी. लक्षात ठेवा मित्रांनो, ही गोष्ट पुढं माझ्या जिवावर येणार आहे.

मागच्या वर्षी शिवकन्या आली. ही सगुणाबाईंच्या शेजारची, नात्यानं पुतणी. शिवणकामाचा कोर्स करून तिनं स्वतःचा कपड्यांचा लहानसा ब्रँड काढला होता. नाव 'वावर', मालकीण एक, मशिनी दोन. त्यातली एक चालू.

तिच्या डोक्यात आलेली गोष्ट ऐकून मी खोक्यातल्या खोक्यात ताठ झालो. आपल्याकडं कापूस वेचायला जाताना बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, ऊन लागू नये, बोंडाची वाळकी टोकं लागू नयेत म्हणून. खांदे कोपरापर्यंत येतात, बाह्या चार वेळा दुमडाव्या लागतात. शिवकन्या म्हणायची, या बायकांच्या मापाचा, बायकांच्या कामाचा शर्ट आजवर कुणी शिवलाच नाही. पेडगावच्या चाळीस जणींनी तिला शर्ट सांगून ठेवले होते. दसरा झाला की वेचणी सुरू. आणि पहिल्याच दिवशी पिंगळीच्या बायकांचा गट ते शर्ट बघायला येणार होता. त्यांना आवडले तर 'वावर' चालणार. नाहीतर दुसरी मशीनही बंद.

अडलं होतं ते कापडावर. तिनं मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याला फोन लावला, तो सगुणाबाईंच्या ओसरीवरच, स्पीकरवर.

"ताई, एका रंगात कमीत कमी पाचशे मीटर घ्यावं लागतं."

"मला नव्वद पायजेत."

"नव्वद मीटरचं तर आम्ही सॅम्पल पाठवतो, ताई."

परभणीतल्या दुकानांत तिनं जे केलं ते ऐकून तर मी तिचा भक्तच झालो. कापड दाखवलं की ती त्यातला एक धागा उपसायची आणि काडी ओढून पेटवायची. जळून भुरभुरीत राख झाली, कागद जळल्याचा वास आला, तर सुती. वितळून काळा मणी झाला, तर प्लास्टिकचा भाऊबंद. उन्हात अंगावर घातला की माणसाचं उकडलेलं कणीस होतं. तिसऱ्या दुकानात मालकानं पाण्याची बाटली तिच्यावर रिकामी केली. ती चौथ्या दुकानात ओल्या ओढणीनं गेली. जे सुती होतं ते इतकं पातळ की आरपार पेपर वाचावा, आणि जे जाड होतं त्याचे मणी व्हायचे.

दमून ओसरीवर बसली असताना तिला सगुणाबाईंची उघडी ट्रंक दिसली. आम्हाला उन्हं दाखवायचा दिवस होता.

"काकू, हे सगळे शर्टपीस?"

"हात लावू नको. आहेराचे हायेत."

"मला द्या की. जेवढे सुती असतील तेवढे."

"आन् मंग लग्नाला काय देऊ? हात हालवत जाऊ का?"

"शिवलेला शर्ट द्या."

"यडी का खुळी तू? शिवला की तो त्याच माणसाचा झाला. पुढं कसा द्यायचा?"

"काकू, तेच्यासाठीच तर शिवायचा असतो."

सगुणाबाईंनी झाकणावरचा हात काही काढला नाही. मग शिवकन्येनं विनवून एकच पीस बघायला मागितला. सगुणाबाईंनी तळातून सगळ्यात चांगला काढला, आकाशी रंगाचा. त्यांच्या भावानं दिलेला. हा कुणाला द्यायचा नव्हता, चांगल्या दिवशी नवऱ्याला शिवायचा म्हणून ठेवला होता. चांगला दिवस यायचा राहिला. मग नवराही राहिला नाही.

शिवकन्येनं घडी उलगडून तो दारातल्या उजेडात धरला. घडीच्या रेषेवर सुईच्या टोकाएवढी भोकं ओळीनं चमकली. तिनं दोन्ही बाजूंनी अगदी हळू ताणलं. टर्र झालं. आकाशी कापडाचे दोन तुकडे तिच्या दोन हातांत आले.

"मी जोर न्हाई लावला, काकू," ती घाबरून म्हणाली.

"बघितलं मी." सगुणाबाईंनी ते तुकडे मांडीवर घेतले. फाटलेल्या घडीवरून त्यांनी बोट फिरवलं. "किती जपलं गं ह्याला. उंदीर न्हाई लागू दिला, वाळवी न्हाई लागू दिली."

"एकाच घडीवर वर्षानुवर्षं ऱ्हायलं की विरतंय, काकू."

सगुणाबाईंनी पायानं ट्रंक तिच्याकडं सरकवली. "ने. जे जगलंय ते ने."

आता माझी पाळी. मला खोक्यातून काढलं, सहा टाचण्या निघाल्या, एकोणीस वर्षांनी पहिल्यांदा मी पाठ टेकली. तिनं माझ्या कडेचा एक धागा उपसला. काडी ओढली. मित्रांनो, आपली राख व्हावी म्हणून देवाला हात जोडणारा जगात मी पहिलाच असेन. सोनेरी अक्षरांवर माझा भरवसा नव्हता. ज्योत धाग्याला लागली. एक क्षण काहीच झालं नाही. मग धागा वाकला, लाल झाला आणि भुरभुर खाली पडला. राख! काय सुंदर राख होती ती! कागद जळाल्याचा वास ओसरीभर झाला आणि मला आयुष्यात प्रथमच कळलं, मी कापूस आहे.

"आन् रंग बी बेस," शिवकन्या म्हणाली. "मातीत दिसायचाच न्हाई."

ज्या रंगावर एकोणीस वर्षं लोक हसले, त्या रंगाचं एवढं कौतुक! मी जवळजवळ उजळलो. बरं झालं, नाही उजळलो ते.

आमच्यापैकी अकरा जण राख झाले, म्हणजे पास झाले. सगुणाबाईंनी ट्रंक उघडली हे कळल्यावर गावातल्या बाकीच्या ट्रंकाही उघडल्या. चार दिवसांत शिवकन्येकडं चाळीस सुती पीस जमले. पाचशे मीटरवाल्याला जे जमलं नाही ते पेडगावच्या आहेरानं केलं.

मीही घडीवर विरलो होतोच, आकाशीइतका नाही, पण पोटावर आडवी एक कमजोर रेषा होतीच. गावातले जुने शिंपी बन्सीधर मास्तर म्हणाले, "हे फेकून दे." शिवकन्येनं मला पाटावर पसरलं आणि अर्धा तास नुसती बघत बसली. मग तिनं त्या रेषेवर खडूनं मोठा खिसा आखला, दुहेरी कापडाचा, झाकणासकट.

"शर्टाचा खिसा छातीवर असतो," मास्तर म्हणाले. "तसा कायदाच हाय."

"छातीवरचा मोबाईल वाकलं की कापसात पडतो, मास्तर. सत्यशीलावैनीचा पडला, तो कापसाच्या गाडीतून जिनिंग मिलच्या दारापर्यंत गेलता. गठाणीतून रिंग वाजायलती, तवा सापडला."

मास्तरांनी कायदा मागं घेतला. माझं सगळ्यात दुबळं अंग तिनं सगळ्यात मजबूत केलं. बाह्या तळहातापर्यंत, दोन्ही बाजूंना साडीसाठी चिरा, मागं उंच कॉलर. दसऱ्याच्या दिवशी चाळीस शर्ट चाळीस घरी गेले. मी सत्यशीलावहिनींच्या वाट्याला आलो. त्यांनी मला आरशासमोर अंगाला लावून बघितलं. "लय भारी झालाय गं," त्या म्हणाल्या.

आणि मग मित्रांनो, त्यांनी माझी घडी घातली आणि ट्रंकेत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकन्या वावरात पोचली तर चाळीसच्या चाळीस जणी नवऱ्याच्या जुन्या शर्टात. पिंगळीच्या बायका यायची वेळ झालेली.

"वैनी, शर्ट कुठाय?"

"हाय की. जपून ठिवलाय. एवढा नवा कोरा कापसात कोण घालतंय? आमच्या राजेश्रीच्या लग्नात घालीन म्हणलं."

"मी पण लग्नालाच," दुसरी म्हणाली. तिसरी म्हणाली, तिनं तर आहेरात द्यायचं ठरवलंय.

शिवकन्या बांधावर मटकन बसली. तिचं एवढं धागे जाळणं, ओलं होणं, अर्धा अर्धा तास बघत बसणं, सगळं चाळीस ट्रंकांत बंद झालं होतं. रडायचं की हसायचं ते तिला ठरवता येईना.

सगुणाबाई तिथंच सावलीला बसल्या होत्या. त्या उठल्या, काठी टेकत सत्यशीलावहिनींच्या घरी गेल्या आणि मला खांद्यावर टाकून परत आल्या. वावरात येऊन त्यांनी मला झटकलं, मूठभर ओली काळी माती उचलली आणि माझ्या उजव्या बाहीवर खांद्यापासून मनगटापर्यंत फासली.

"आगं आत्याबाई!" सत्यशीलावहिनी किंचाळल्या.

"झाला जुना," सगुणाबाई म्हणाल्या. "घाल आता. बाकीच्यांनो, घरी जाऊन घालून येता, का मी एकेकीच्या दारी माती घिऊन येऊ?"

पिंगळीच्या बायका आल्या तेव्हा अख्खं वावर शर्टांनी फुललं होतं. सत्यशीलावहिनींनी वाकून दाखवलं, मोबाईल पडला नाही. पुन्हा वाकून दाखवलं. पाचव्यांदा वाकल्यावर पिंगळीची एकजण म्हणाली, "पुरे बाई, कंबर धरंल. आमच्या साठ जणींचे घ्या लिहून."

शिवकन्या लिहून घेत होती आणि मी पहिल्यांदा घामानं भिजत होतो. बोंडाचं एक टोक माझ्या बाहीत घुसलं, आत हात होता, त्याला लागलं नाही. एवढंच तर काम होतं माझं. ते एकोणीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

मित्रांनो, आज मी आठवड्यातून दोनदा धुतला जातो. कोपरावर ठिगळ आहे, एक बटण दुसऱ्या रंगाचं आहे. मी झिजतोय, आणि झिजताना फार बरं वाटतंय. तुम्हाला हात जोडून एकच सांगणं आहे. कापडाला ऊन दाखवा, गार पाण्यात धुवा, उसवलं की त्याच दिवशी टाका घाला. पण सगळ्यात आधी ते अंगात घाला. चांगल्या दिवसाची वाट बघत ठेवू नका. तुमच्या ट्रंकेच्या तळाशी माझा कुणीतरी भाऊ नक्की असेल. आम्ही चव्वेचाळीस होतो. त्याला आज बाहेर काढा, उजेडात धरा, आणि जगला असेल तर शिंप्याकडं न्या.

आणि माझ्या बाहीवरची ती माती? सत्यशीलावहिनींनी तीनदा साबण लावला, निघाली नाही. चौथ्यांदा त्यांनी लावलाच नाही.