पाळलेल्या माश्या

लोक माश्या मारत बसतात, आमची सूनबाई माश्या पाळत बसलीय, असं सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. ती हसून सोडून द्यायची. सासऱ्यांनी शेडमध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्यांना काय समजावणार, कप्पाळ!

काम तसं साधं होतं. बाजारातली सडकी भाजी, खानावळींतलं उष्टंखरकटं शेडमध्ये यायचं. जाळीच्या खोलीत काळ्या माश्या अंडी घालायच्या, त्यातून निघालेल्या अळ्या त्या घाणीचा फडशा पाडायच्या, आणि गलेलठ्ठ झाल्या की त्या वाळवून, दळून कोंबड्यांचं खाद्य. नवरा गेल्यावर तिने याच्यावरच घर चालवायचं ठरवलं. पण अळ्या म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडायचं. सगळे पोल्ट्रीवाले नाही म्हणून बसले. उरला होता एकच, आणि तो आज बघायला येणार होता. त्यानेही नाही म्हटलं तर गाशा गुंडाळायचा, दुसरं काय.

ती सकाळी भाजीबाजारात जाऊन आली, तर सासरे इस्त्रीचा सदरा घालून शेडच्या दारात उभे. इतकं खुशीत तिने त्यांना मुलगा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. ती आत शिरली आणि औषधाचा उग्र वास तिच्या नाकात गेला. जाळीच्या खोलीतली फरशी मेलेल्या माश्यांनी काळी झाली होती. शेजारच्या ट्रेमधल्या अळ्या जेमतेम वळवळत होत्या, मग त्याही थांबल्या.

“येऊ दे आता कोण येतंय ते,” सासरे म्हणाले. “एक माशी दिसायची नाही.”

त्यांच्या लेखी माल म्हणजे अळ्या. माश्या काय, घाण असली की यायच्याच, आणि जाळी त्यांना अडवायला लावलेली. जन्मभर टोमणे मारले, पण पाहुण्यासमोर सुनेची मान खाली जाऊ नये म्हणून आज दुखरे गुडघे घेऊन कानाकोपरा फवारला होता. तिला ओरडावंसं वाटलं, भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. त्यांच्या तोंडाकडे पाहून तिने हातातली भाजीची पाटी खाली ठेवली.

पोल्ट्रीवाला आला. सासऱ्यांनी त्याला खोली दाखवली, हे सगळं आपण एकट्याने केलं असंही सांगितलं. तो जाणता माणूस होता, त्याने फरशीकडे पाहिलं आणि ओळखलं. तिला बाजूला घेऊन त्याने हळू विचारलं, “ताई, माश्याच नाहीत, तर पुढचा माल कुठून द्याल?”

“नाही देता येणार,” ती म्हणाली.

नव्या माश्यांसाठी अंडी लागणार, आणि सुरुवातीला ती जिथून आणली होती, ते केंद्र केव्हाच बंद पडलं होतं. त्याने मान हलवली आणि चहालाही न थांबता निघून गेला.

“काय म्हणाले गं?” सासऱ्यांनी विचारलं.

“जागा फार स्वच्छ ठेवलीय म्हणाले.”

सासरे केवढे तरी फुलले. म्हणाले, “तू काळजी करू नकोस, पोरी. उद्यापासून रोज सकाळी मीच फवारत जाईन.”

“बरं, बाबा,” ती म्हणाली.