एक आण, अजून एक आण

माझा नवरा त्रायको मॅसेडोनियातल्या खेड्यातून आमच्या इद्रियाच्या पाऱ्याच्या खाणीत कामाला आला आणि आमची भाषा ऐकून ऐकूनच शिकला. बोलायचा बरं, पण मोजायला लागला की घसरायचा. आमच्याकडे एका बिअरला शब्दाचं एक रूप, दोनांना दुसरं, तीन-चारांना तिसरं आणि पाचापासून पुढे चौथंच. शनिवारी पाळी सुटली की यूस्तीच्या खानावळीत सगळे त्यालाच पुढे ढकलायचे. "त्रायको, आज तू मागव. चौघांना." तो चुकायचा आणि बाकं हसून हलायची. सगळ्यांत मोठ्यानं हसायचा तो त्याच्याच पाळीवरचा त्सिरिल.

मग त्रायकोनं वाट काढली. "यूस्ती, एक आण. अजून एक आण. अजून एक." लोक आणखीच हसले. सव्वीस वर्षं त्यानं तसंच मागवलं. बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, म्हणजे झ्लिक्रोफीसुद्धा, बशीमागून बशी. मीही हसायचे, खोटं कशाला सांगू. घरी तो त्यावर कधी बोलला नाही. एकदाच, बूट काढता काढता म्हणाला, "स्लावका, ही माणसं मला ओळखतात का नुसतीच हसतात, ते अजून कळलं नाही बघ."

तो फेब्रुवारीत गेला. आमच्याकडे माती दिल्यावर घरच्यांनी कबरीपाशीच लोकांना जेवायला बोलवायचं असतं. येईल तो आपला. आदल्या दिवशी यूस्तीनं विचारलं, "किती जणांचं करू गं?"

"वीस."

"बर्फ पडतंय, स्लावका. बारा करू? लागलं तर वाढवीन."

"त्याच्या पाळीवर वीस माणसं होती. वीसच कर."

दफनाला बरेच आले. टोप्या काढून उभे राहिले. मी एकेकाचा हात धरून सांगितलं, "यूस्तीकडे या." हो हो म्हणाले. मग कुणाला बस गाठायची होती, कुणाच्या गाई खोळंबल्या होत्या.

लांब टेबलाशी आम्ही चौघंच बसलो. मी, माझी बहीण मिन्का, खाणीतला म्हातारा मुकादम आणि त्सिरिल. अर्धा तास दाराकडे बघण्यात गेला.

"वाढू का?" यूस्तीनं विचारलं.

"यूस्ती," त्सिरिल टेबलाकडेच बघत म्हणाला, "एक आण."

तिनं माझ्यापुढे बशी ठेवली.

"अजून एक आण."

आवाज थेट त्रायकोचा, तसाच शेवटी ओढलेला. आता हा हसणार, म्हणून मी मुठी आवळल्या. तो हसला नाही. चौघांच्या बशा झाल्या तरी थांबलाही नाही. यूस्ती एकेक बशी आणून रिकाम्या खुर्च्यांपुढे ठेवत गेली. बाराव्या-तेराव्याला त्याचा आवाज बसला. उरलेल्या तिनं न सांगताच आणल्या.

कुणी काटा उचलला नाही. सगळ्या टेबलावरून वाफ निघत होती.

"तुम्ही सगळे ओळखत होता ना त्याला, त्सिरिल?" मी विचारलं.

त्यानं पुढ्यातली बशी बाजूला सारली.

"त्याच्या गावाचं नाव काय होतं गं?" तो म्हणाला.

मी सांगितलं. त्यानं ते एकदा हळूच म्हणून बघितलं, आणि तेही चुकीचं.