ऑर्विलचं दार

"जी गाडी कंपनीनंसुद्धा टाकून दिली, ती जो जपतो, त्या माणसाचा शब्द कधी खोटा होत नाही!" असं म्हणून मी टेबलावर मूठ आपटली आणि मोहरीच्या चटणीची बाटली कलंडली.

चर्चच्या तळघरात आमच्या ओल्ड्समोबील मोटारवाल्यांच्या मंडळाची वार्षिक सभा चालू होती. श्रोते चौदा. त्यांतले दोघे झोपलेले, एकाच्या श्रवणयंत्राची बॅटरी संपलेली आणि उरलेल्यांचं लक्ष बटाट्याच्या सॅलडकडे. अध्यक्ष या नात्यानं हे भाषण मी दर वर्षी करतो. या वर्षी मात्र टाळ्यांच्या आधी ऑर्विलची बायको मार्सेला टेनब्रिंक उठून उभी राहिली.

"शब्दावरून आठवलं, लीलंड. शनिवारी ऑर्विल असता तर ऐंशीचा झाला असता. त्याच्या गाडीतून मला तळ्यापर्यंत एक चक्कर मारून आण. दोन वर्षं ऐकतेय मी, ब्रेकचं काम चाललंय म्हणून."

"झालं ब्रेकचं काम," मी म्हणालो.

ते खरंच झालं होतं. फक्त माझ्या गाडीचं झालं होतं.

ऑर्विल आणि मी लॅन्सिंगच्या मोटारींच्या कारखान्यात एकाच पाळीला होतो. तो इंजिनांकडे, मी दारांकडे. एकतीस वर्षं मी दारं बसवली. अठ्ठ्याहत्तर साली आम्ही दोघांनी एकाच आठवड्यात एकसारख्या दोन डेल्टा ८८ गाड्या घेतल्या. त्याची निळी, माझी तपकिरी. पुढे ओल्ड्समोबील निघणंच बंद झालं आणि सुटे भाग मिळेनासे झाले. ऑर्विल गेल्यावर मार्सेलानं निळी गाडी माझ्या हवाली केली. अट एकच घातली, "चालती ठेव."

मी ठेवणारच होतो. पहिल्या महिन्यात फक्त रेडिएटर काढला, तोही तात्पुरता. मग ब्रेक. मग पुढची सीट, कारण माझी उसवली होती. मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार, कारण माझं, हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठानं, खालून कुजलं होतं. ते मी तपकिरी रंगवलं. शेवटी उरलेला सांगाडा भंगारवाला ओढून न्यायला आला, तेव्हा मी घरात जाऊन टीव्हीचा आवाज मोठा केला.

तसं बघितलं तर अट पाळली गेली होती. ऑर्विलची गाडी चालत होती. माझ्या गाडीच्या आत.

"सांगून टाक तिला," जेनेट, माझी बायको, म्हणाली.

"काय सांगू?"

"हेच, की मेलेल्या मित्राचे बूट काढून घेतले आणि तेच घालून त्याच्या बायकोला भेटायला आलोय."

"मी काय म्हणतो, आपली गाडी निळी रंगवली तर?"

पंचावन्न वर्षांच्या संसारात जेनेट गप्प राहिल्याची ही तिसरी वेळ.

शनिवारी मी दोनदा दाढी केली, कबुलीचं भाषण पाठ केलं आणि तपकिरी गाडी घेऊनच गेलो. मार्सेला पायरीवर उभी होती. निळा झगा, गळ्यात मोत्यांची माळ. गाडीला शोभेल असाच रंग निवडला होता तिनं. मी उतरलो आणि दार लावलं.

धप्प. आणि क्षणभरानं, टिंग.

पर्स उघडता उघडता मार्सेलाचा हात तिथंच थांबला.

"मार्सेला, ऑर्विलची निळी गाडी…"

"कळलं." तिनं पर्स मिटली. "काच बदलताना त्यानं एक नट दारात पाडला होता. 'पुढच्या रविवारी काढतो' म्हणाला. एकोणीस वर्षं म्हणत होता." ती खाली आली, दाराला हात लावला. "तू तर दारवाला ना रे? तुलासुद्धा काढता आला नाही?"

"पुढच्या रविवारी काढणार होतो."

ती हसली. तिनं हसू नये असं मला फार वाटत होतं.

"बाकीची कुठंय?"

"भंगारात."

"विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं."

"म्हणूनच विचारलं नाही."

"हं," ती म्हणाली आणि गाडीत बसली. ऑर्विलच्या त्या सीटवर सिगारेटचा एक जुना चटका आहे. गप्पा मारता मारता हात टेकावा तशी तिची बोटं बरोबर त्याच्यावर गेली आणि तळ्यापर्यंत तिथंच राहिली.

तळ्यावर आम्ही उतरलो नाही. मी भाषण दोनदा सुरू केलं. पहिल्यांदा तिनं मला बदकं दाखवली. दुसऱ्यांदा बदकं नव्हती, तरी दाखवली.

परत आल्यावर ती म्हणाली, "तू जाऊ नकोस लगेच. मी आत जाते. स्वयंपाकघराच्या खिडकीत दिसले, की ते दार एकदा लाव."

"का?"

"रोज साडेचारला तो आवाज आला, की मी कॉफी टाकायचे."

ती आत गेली. मी दार उघडून धरलं. एकतीस वर्षांत किती दारं लावून बघितली असतील, देव जाणे. खिडकीत निळा झगा दिसला. मी दार लावलं.

धप्प. टिंग.

तिनं फडताळातून दोन कप काढले. मग त्यांतला एक परत आत ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून कॉफी टाकली. मी टोपी काढून अंगणात उभा. दुसरं काय काढावं ते सुचलं नाही.

शेवटी खिडकीची काच वर गेली.

"लीलंड!"

आता ती क्षमा करणार किंवा शिव्या घालणार. मी दोन्हींना तयार होतो. खरं तर शिव्या मिळाल्या असत्या तर रात्री झोप लागली असती.

"काय, मार्सेला?"

"खाली तेल गळतंय बघ. ते काही ऑर्विलचं नाही, तुझंच असणार. जरा पुठ्ठा सरकव गाडीखाली."