सतरा नंबरचा खेकडा

"बेन, याचा रस्सा कसा लागेल हो?"

योगिताने विचारलं मात्र, आणि मागे चिखलात रुतलेल्या कुसुम आणि सुषमा हसून एकमेकींवर कोसळल्या. विचारूनच दाखव, अशी पैज त्यांनी बसमध्ये लावली होती. कॉलेजात शिकवणाऱ्या दीप्तीबेनच्या हातातला खेकडा नांग्या हलवत होता.

डुमसच्या किनाऱ्याअलीकडचा खाडीचा हा तुकडा कॉलेजने अभ्यासासाठी राखला होता. दर रविवारी ओहोटीला या तिघी शाळकरी मुली बेनच्या हाताखाली खेकडे मोजायच्या. उन्हाळ्यात त्यांतल्या एकीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत महिनाभर शिकायला मिळणार होतं.

बेनही हसल्या. "सरस लागेल! पण मिलच्या सांडपाण्यात हे किती दिवस जगतात, ते आधी कळू दे मला. घाल नंबर."

नेलपॉलिशने नंबर घालायची कल्पना योगिताचीच. रंग धुऊन जायचा, हे टिकायचं. जीभ दातांत धरून तिने खेकड्याच्या पाठीवर गुलाबी सतरा लिहिलं. सातला तिची नेहमीची लांब शेपटी आली. हा तेविसावा आणि शेवटचा खेकडा. नंबर मात्र मधला राहून गेला होता.

त्या संध्याकाळी पांडेसऱ्याच्या चाळीतल्या खोलीत तिने सगळं नकलेसकट सांगितलं. तिची आई उषाबाई पोळपाटावर हात ठेवून हसत राहिली. आप्पा, म्हणजे तिचे वडील बन्सीलाल, रंगाईच्या मिलमध्ये होते. त्यांचं गाव तापीकाठचं. लहानपणी नदीत खेकडे धरलेले.

"इतला खेकडा कोठे सापडतस?" त्यांनी विचारलं.

योगिताने वहीच्या मागच्या पानावर नकाशाच काढला. बंधारा, तिवरांचं तिसरं बेट, त्यामागची बिळं. ओहोटीची वेळही सांगितली. आप्पा एकेक गोष्ट विचारत गेले. तिच्या अभ्यासाबद्दल ते इतकं पहिल्यांदाच विचारत होते.

शुक्रवारी ती शिकवणीहून आली तेव्हा काळ्या मसाल्याचा वास चाळीच्या दारापर्यंत आला होता. मिलला सुट्टी होती. आप्पांनी स्वतः तिला वाढलं.

"कुठून आणले, आप्पा?"

"आधी खाय."

ती दोनदा रस्सा घेऊन जेवली. मग ताट घेऊन मोरीशी गेली. आईने साफ करताना काढलेली कवचं बादलीत पडली होती. एका कवचावर गुलाबी सात होता, लांब शेपटीचा. शेजारचा एकचा आकडा चिखलाखाली अर्धा झाकलेला.

तिने बादली पालथी केली. एकेक कवच नळाखाली धरलं. नंबर घातलेली नऊ निघाली.

"काय व्हयनं?" उषाबाई उठून आली.

"आई, हे माझे नंबर आहेत."

उषाबाईने तोंडावर पदर धरला. "धुताना गुलाबी दिसलं व. माले वाटनं, मिलना रंग लागेल शे."

"मालेबी तेच वाटनं," आप्पा म्हणाले. त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडांना आठवड्याचा निळा रंग बसला होता. मग ते हलकेच म्हणाले, "बेनले काय समजस? पाणी खराब शे, मरी गयात म्हनतीन."

"हो. तसंच लिहितील त्या."

"मंग?"

योगिताने कवचं ओढणीला पुसून वर्तमानपत्रावर मांडली. चार, नऊ, सतरा. तिच्या घशात अजून मसाला जळजळत होता. मघाशी किती चवीने चोखले होते!

"उन्हाळ्याचं ते तुलेच भेटनार व्हतं ना?" आप्पांनी विचारलं.

"कुसुमला मिळेल आता. तीही चांगलं मोजते."

"पोरी, तू ये म्हनली असती, तर मी बी नुसता पाहाले आलो असतो."

तिने मान वर केली नाही. तसं एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. कागदाची पुडी बांधून तिने ती दप्तरात ठेवली.

"रविवारी मी ही कवचं बेनना देणार आहे," ती म्हणाली. "कुणी धरले ते सांगणार. जागा कुणी दाखवली, तेही."