खोटा प्रसाद

पोराला ताप आला की आपण धावत दवाखाना गाठतो. घरातल्या बाईचं दुखणं मात्र ‘काम उरकल्यावर बघू’ म्हणून मागे पडतं. त्यातून दुखणं छातीचं असलं, तर ते तोंडावाटे बाहेरच पडत नाही!

मखमलाबादच्या मळ्यात राहणाऱ्या लताबाईचं असंच झालं. शेवंतीची तोडणी ऐन भरात असताना तिच्या डाव्या छातीवर लाली आली. उष्णतेचं असेल म्हणून तिनं चंदनाचा लेप लावला. गाठ कुठेच हाताला लागत नव्हती, मग घाबरायचं कशाला? पण हळूहळू छाती सुजली, गरम लागू लागली, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली. चोळी अंगात शिरेना, तेव्हा कुठे तिनं मान खाली घालून नवऱ्याला, सहादूला, सांगितलं.

ते २००३ साल होतं. गंगापूर रोडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कातडीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. निदान आलं, कॅन्सर. तोही झपाट्यानं पसरणारा.

सहादूनं आधी विचारलं ते हे, “मॅडम, पोरीचं चांदवडला जमलंय. लगीन झाल्यावर इलाज केला तर चालंल का?”

“नाही चालणार. हा कॅन्सर गाठ धरून एका जागी बसत नाही, कातडीतून पसरत जातो. आधी किमोची औषधं, मग ऑपरेशन करून छाती काढायची, मग शेक, म्हणजे किरणांचा उपचार. बऱ्या व्हालच अशी हमी मी देत नाही. पण थांबलात, तर माझ्या हातात काही उरणार नाही.”

“लोकांना कळलं तर?” लताबाई पुटपुटली. “म्हणतील, काय पाप केलं व्हतं हिनं.”

“लताबाई, हा आजार तुम्ही चोरून आणलाय का? मग तोंड कशाला लपवता?”

 लताबाईनं सहादूकडे पाहिलं, मग डॉक्टरीणबाईंकडे. “सुरू करा मॅडम. मला जगायचंय,” ती म्हणाली. बाहेर आल्यावर मात्र तिनंच नवऱ्याला गळ घातली, “कोणाला सांगू नका.”

किमो सुरू झाली. तोंडाची चव गेली, ओकाऱ्यांनी जीव मेटाकुटीला आला. तेही लपवता आलं. पण केस पुंजक्या-पुंजक्यांनी हातात येऊ लागले आणि डोकं उघडं पडलं. ते कसं लपवणार? वस्तीवर कुजबूज सुरू झाली. एका सकाळी फुलांचे क्रेट टेम्पोत चढवताना कुणीतरी विचारलं आणि सहादू बोलून गेला, “पोरीचं जमलं ना, नवस फेडला तिनं. तिरुपतीला केस दिले.”

“मंग परसाद कुठंय?”

झालं! संध्याकाळी सहादू पंचवटीतल्या मिठाईच्या दुकानातून बुंदीचे लाडू घेऊन आला. डोक्यावरून पदर घेऊन लताबाईनं ते अंगणात वाटले. म्हाताऱ्याकोताऱ्या बाया लाडू कपाळाला लावत होत्या, लेकरांना भरवत होत्या. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. आजाराची लाज होतीच, आता देवाच्या नावानं खोटं बोलल्याच्या लाजेचीही भर पडली.

सगळ्यात शेवटी धोंडाबाई आली. नात्यानं चुलत जाऊ, शेजारच्याच मळ्यातली. तिनं लाडू डोळ्यांना लावला आणि लताबाईला घरात, चुलीपाशी ओढून नेलं.

“लता, मला बी ने तिरुपतीला. माझ्या छातीत गाठ हाय गं. दिवाळीपासून हाय. कोणाला बोलले नाय. दवाखान्यात उघडं व्हायची लय लाज वाटती. तुझ्या नवसाला देव पावला, मी बी केसच बोलते.”

लताबाईच्या पायाखालची जमीन सरकली. आपलं खोटं या बाईचा जीव घेणार!

“नको बाई!” ती ओरडलीच. पदर तिनं मागे टाकला. “मी तिरुपतीला गेलेच नाय! परसाद खोटा हाय! मला छातीचा कॅन्सर झालाय, केस औषधानं गेलेत! गाठ घेऊन देवाकडं जाऊ नका, आधी डॉक्टरकडं चला!”

अंगणातल्या बाया थिजल्या. दारात सहादू उभा होता. तो भडकेल असं तिला वाटलं, पण त्याची नजर जमिनीला खिळली होती. “चूक माझीये,” तो सगळ्यांदेखत म्हणाला. “बायको मरणाशी झुंजतीये आन् मी अब्रू झाकीत बसलो.”

दुसऱ्या दिवशी तो स्वतः चांदवडला गेला आणि व्याह्यांना सारं खरं सांगितलं. त्यांनी चहा पाजला, ‘कळवतो’ म्हणाले, आणि कधीच कळवलं नाही. सहादू लेकीसमोर, तेजस्विनीसमोर, अपराध्यासारखा बसला. ती बापाला म्हणाली, “बरं झालं, दादा. उद्या मी आजारी पडले असते, तर मलाही त्यांनी असंच सोडलं असतं.”

धोंडाबाईला लताबाईनंच दवाखान्यात नेलं. तपासणीत तिचाही कॅन्सरच निघाला, पण गाठ लहान होती, वेळ हातात होता. पुढे लताबाईचं ऑपरेशन झालं, शेकही झाले. आता ती बाजारात फुलं विकायला बसते. इतकी वर्षं झाली, तरी डॉक्टरीणबाई ‘सुटलात’ म्हणत नाहीत. प्रत्येक तपासणीच्या आधी तिचं काळीज लकलकतं. सपाट झालेल्या छातीबद्दल कुणी विचारलं, तर ती सरळ सांगते. लाज वाटते ती एकाच गोष्टीची, लेप लावत घालवलेल्या त्या दिवसांची.

आयाबहिणींनो, आजार होणं हा गुन्हा नाही. गाठ असो वा नुसती लाली, अंगात वेगळं काही दिसलं तर बोला, दाखवा. आणि बाप्यांनो, तिनं मान खाली घालून सांगायची वाट पाहू नका. तुम्ही आधी विचारा!