वीस पावलं कमी पडलेला धागा

मित्रांनो, मी एक जुनी टकळी आहे. ऑलिव्हच्या लाकडाची काडी आणि खाली भाजल्या मातीची चकती, एवढाच माझा पसारा. पण उगाच नाकं मुरडू नका. आमच्या बेटावर तलवारी पुष्कळ झाल्या. माणूस वाचवला तो मी.

माझी मालकीण फिलिन्ना. तिच्या बापानं मला तिच्या लग्नात स्वतःच्या हातानं घडवून दिलं. चाळीस वर्षं मी तिच्या मांडीशी गरगरले. शेजारणी म्हणायच्या, "फिलिन्नाच्या सुतानं बैल बांधावा!" ऐकून मी फुगायचे. का फुगू नये?

मग गावात फूट पडली. वरच्या आळीचे जमीनदार एकीकडे, बंदरावरचे होडीवाले एकीकडे. देवळातल्या नैवेद्याचा पहिला वाटा कोणाचा, यावरून तोंडं सुटली आणि काठ्या निघाल्या. फिलिन्नाचा मुलगा निकेराट होडीवाला. त्याच्या काठीनं जमीनदारांच्या केफिसॉनचा हात मोडला. केफिसॉनचे भाऊबंद सुरे घेऊन मागे लागले, तसा निकेराट टेकडीवरच्या देवळात शिरला आणि हेरा देवीचे पाय धरून बसला.

देवीला धरलेल्या माणसाला आमच्याकडे कोणी हात लावत नाही. पण सोडलं की संपलं! आणि निवाड्याला पंच बसणार खाली चौकात. तेव्हा जुनी रीत निघाली. देवीच्या पायाला लोकरीचा धागा बांधायचा आणि दुसरं टोक धरून खाली यायचं. धागा आहे तोवर देवीचा हात पाठीवर. तुटला, तर देवीनंच टाकलं म्हणायचं.

फिलिन्नानं उतार पावलांनी मोजला आणि घरातली होती नव्हती ती पांढरी लोकर तीन दिवसांत कातली. जेवढी वाट तेवढं सूत.

चौथ्या दिवशी निकेराट धागा धरून उतरू लागला. ती शेजारून माझ्यावरचं सूत सोडत होती. दोन्ही बाजूंना सुरेवाले. कुंभारगल्लीच्या तोंडाशी पुढे चालणारा पुजारी अडला. एका दाराला ताजं डांबर फासलेलं, आमच्याकडची बाळंतपणाची खूण. घरात नुकतंच बाळ जन्मलेलं.

"सोयर आहे. इथून देवीचा धागा जायचा नाही. वळसा घ्या."

वळसा घेतला, आणि चौक वीस पावलांवर असताना मी उघडी पडले. सूत संपलं.

"काय गं म्हातारे, आटलं का?" एक सुरेवाला हसला. "ओढ की जरा!"

"पुढे ये, तुझी जीभ ओढते," फिलिन्ना म्हणाली. पण बोटांनी माझ्या काडीवर एखादा वेढा उरलाय का ते चाचपत होती. एकही नव्हता.

तेवढ्यात गर्दीतून केफिसॉनची आई थेआनो पुढे आली. काखेत काळ्या लोकरीची टोपली.

"तुझ्या लेकानं माझ्या पोराचा हात मोडला, फिलिन्ने."

"मोडला. मी कुठं नाही म्हणते?"

"हात जुळतो गं. सुऱ्यानं गेलेला जुळत नाही. आज तुझा गेला, की उद्या तुझे लोक माझ्या दाराशी उभे. घे ही लोकर. आणि नीट कात मेले, घाईत गाठी मारशील!"

फिलिन्नानं तिथंच धुळीत बसकण मारली. मी अशी फिरले, अशी फिरले, की चकती सुटते की काय वाटलं! काळं सूत पांढऱ्याला पिळून जोडलं, तेव्हा सांधा थेआनोनं धरला होता. सुरेवाल्यांनी सुरे खाली केले. आपल्याच घरच्या बाईला कोण काय बोलणार?

निकेराटनं चौकातल्या पंचांच्या दगडाला हात टेकला आणि सगळ्या गावानं कोंडलेला श्वास सोडला. पंच म्हणाले, केफिसॉनचा हात जुळेपर्यंत त्याचं शेत तू नांगर. पहिल्याच दिवशी नांगर कुंपणात घुसला. "अरे होडीवाल्या," बांधावरून केफिसॉन ओरडला, "बैलांना सुकाणू नसतं!" आणि दोघंही हसत सुटले.

आता माझी चकती टवकली आहे. फिलिन्नाच्या नाती मला कोंबड्यांवर फेकतात. निवाड्यानंतर फिलिन्नानं सांध्यापाशचा धागा कापून माझ्या काडीवर गुंडाळला, तो मात्र तसाच आहे, अर्धा पांढरा, अर्धा काळा. सांधा अजून सुटलेला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. जपाच. पण घरात मूठभर लोकरही शिल्लक ठेवा. आपल्याला लागेल म्हणून नव्हे. भांडलेल्या शेजारणीला कमी पडेल म्हणून.