खजुराचं बूच

खल्फान मिस्त्रीचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. मागच्या चाकाचा ड्रम काढला नि आत पुन्हा तेच: काळं, चिकट तेल ब्रेक शूंवर लडबडलेलं. बोटावर घेऊन त्यानं वास घेतला. सडक्या अंड्याचा! म्हणजे ब्रेकचं तेल नव्हे, ॲक्सलचंच. दुसरं चाक उघडलं, तिथंही तोच तमाशा. आणि तेल अडवणारी दोन्ही सीलं याच महिन्यात त्यानं स्वतःच्या हातानं बदलली होती, तीही दोनदा.

"मिस्त्री, नाचता येईना अंगण वाकडं, असं तर नाही ना?" गाडीचा मालक जहरान हसत म्हणाला.

"तोंड आवर. तीन लाख किलोमीटर पळालेलं धूड आहे हे, नवी नवरी नाही."

जहरानला दुपारी बायको नि दोन्ही पोरींना घेऊन डोंगर उतरायचा होता, खाली रुस्ताक शहराला. त्या उतारावर ब्रेकनं दगा दिला तर काय होतं, हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. जहरानचा थोरला भाऊ हुमैद तिथंच गाडीसकट दरीत गेला होता. बाप मुहन्ना तेव्हापासून एकच पालुपद लावून होता: पोरगा माजला होता, वेगाची मस्ती नडली त्याला.

खल्फाननं ॲक्सलचा दांडा बोटांनी चाचपला. चर पडलेला नव्हता. सीलची कडही शाबूत होती. मग तेल बाहेर ढकलतंय कोण? तो गाडीखाली सरपटत गेला नि ॲक्सलच्या डोक्यावरचा ब्रीदर त्यानं चाचपला. गाडी पळाली की आतली हवा तापून फुगते. ती बाहेर पडावी म्हणून तिथं एक बारकी नळी असते. ती बुजली की हवा सीलमधून तेलासकट वाट काढते.

नळीत काहीतरी दगडासारखं घट्ट बसलं होतं. स्क्रू-ड्रायव्हरनं उकरलं, तर चिंधीत कुटलेला खजूर, वाळून खडंग झालेला.

"आजार म्हशीला नि औषध पखालीला!" तो खालूनच ओरडला. "हे कुणी कोंबलं रे?"

"मीच. वादीच्या कोरड्या पात्राला पूर आला की ओलांडताना पाणी आत शिरू नये म्हणून. बाबांची शिकवण आहे."

"मग नंतर काढायचं कुणी?"

"काढायचं असतं?"

बूच हातात घेऊन खल्फान गाडीखालून बाहेर आला. हुमैदची गाडी दोर लावून वर ओढली, तेव्हा तो तिथं होता. मागची चाकं आतून तेलानं माखलेली त्यानं पाहिली होती. पडताना काहीतरी फुटलं असेल, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

तेवढ्यात मुहन्ना कहव्याची किटली घेऊन आला. उकरलेलं बूच पाहून म्हातारा खुलला. "बघ, थेंबभर पाणी जाणार नाही आत! दोन्ही पोरांना मीच शिकवलं हे."

गप्प बसावं, नळी साफ करावी, नवी सीलं नि ब्रेक शू घालून गाडी देऊन टाकावी, असं खल्फानच्या मनात आलं. पण पुढच्या पुरात म्हातारा पुन्हा खजूर कुटणार, नि जहरान तो पुन्हा कोंबणार.

"काका, जरा बसा."

"बसा म्हणतोस, म्हणजे काहीतरी वाईटच दिसतंय."

खल्फाननं सगळं सांगितलं. बुजलेली नळी, कोंडलेली हवा, ब्रेकवर आलेलं तेल. हुमैदचं नाव त्यानं घेतलं नाही. म्हाताऱ्यानंच घेतलं.

"हुमैदच्या चाकांना तेल होतं?"

नाही म्हणावं, असं खल्फानला फार वाटलं.

"होतं, काका. दोन्हीकडं."

म्हाताऱ्यानं किटली खाली ठेवली. कहवा सांडला, त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

"निघताना म्हणाला होता तो," म्हातारा जहरानकडं न बघता बोलू लागला. "बाबा, ब्रेक धरत नाहीत, आज राहू दे. मी चारचौघांत हसलो त्याला. म्हटलं, बायकांसारखा भितोस काय? निघ."